परदेशी गोदीत शिडाच्या नौकेची दुरुस्ती : त्रिनिदादच्या धंद्याचा हिशेब

त्रिनिदाद हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे परिचित आहे. ब्रायन लारा याच बेटाचा. परंतु स्वतःच्या शिडाच्या नौकेतून अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या किंवा कॅरिबियन समुद्रात बेटामागून बेट पाहत फिरणाऱ्या लोकांना हे बेट वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. बेटाच्या वायव्य टोकाला शाग्वारामस नावाचा भाग आहे. तेथे समुद्रकिनाऱ्याला लागून एकाशेजारी एक अशी बोटयार्डे आहेत आणि त्यांच्या आवारात डोलकाठ्यांचे अक्षरशः रान उभे असते. नौका पाण्याबाहेर काढायची, महिनोन् महिने जमिनीवर ठेवायची, तिचा तळ, तारा, वॉल्व, डेक, इंजिन सगळे उघडून दुरुस्त करायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायची, असा हा धंदा आहे. त्याला तिकडे 'रिफिट' म्हणतात. आपण त्याला मोठी डागडुजी म्हणू.

या धंद्याची माहिती येथे देण्याचे कारण उघड आहे. रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्गातील आमच्या कितीतरी वाचकांच्या घरी कोणी ना कोणी जहाजावर आहे किंवा होता. पण त्याहून मोठे कारण असे की, गॅरेज असो, फॅब्रिकेशनचे दुकान असो वा घरदुरुस्तीचा ठेका असो, प्रत्येक दुरुस्तीच्या धंद्यात एक प्रश्न सारखाच असतो. वस्तू उघडल्याशिवाय आत काय बिघडले आहे ते गिऱ्हाइकालाही ठाऊक नसते आणि कारागिरालाही. मग त्या न दिसणाऱ्या बिघाडाचा खर्च कोणी सोसायचा? शाग्वारामसच्या आवारात हा प्रश्न फार ठळकपणे दिसतो. तेथे गिऱ्हाईक परदेशी असते, त्याच्या व्हिसाची मुदत संपत आलेली असते आणि काम कच्चे राहिले तर त्याची परीक्षा भर समुद्रात व्हायची असते.

वादळाने दिलेला धंदा

कोकणात १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि झापांनी शाकारून ठेवल्या जातात. गंमत अशी की अटलांटिकमधील वादळांचा हंगामही १ जूनलाच सुरू होतो. फरक इतकाच की तो ३० नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पुरे सहा महिने चालतो. या काळात कॅरिबियन बेटांवर हरिकेन येतात. शिडाच्या नौकेचा विमा उतरवणाऱ्या बहुतेक कंपन्या एक अक्षांश ठरवून देतात आणि हंगामात नौका त्याच्या दक्षिणेला असली पाहिजे अशी अट घालतात. प्रत्येक कंपनीची रेषा वेगळी असते. त्रिनिदाद सुमारे दहा ते अकरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे बहुतेकांच्या रेषेखाली ते बसते. हरिकेनचा थेट तडाखा येथे क्वचितच बसतो.

हा फरक किती मोलाचा आहे ते ७ सप्टेंबर २००४ रोजी दिसून आले. त्या दिवशी 'इव्हान' हे वादळ ग्रेनाडा बेटावर आदळले. ग्रेनाडा त्रिनिदादपासून समुद्रमार्गे अवघे दीडशे किलोमीटर. तोपर्यंत कित्येक जण ग्रेनाडालाही सुरक्षितच मानत होते. तेथील यार्डांत टेकूंवर उभ्या असलेल्या नौका पत्त्यांच्या बंगल्यासारख्या एकमेकींवर कोसळल्या. त्यानंतर विमा कंपन्यांनी अटी कडक केल्या आणि यार्डांनी जमिनीत लोखंडी कड्या पुरून नौका पट्ट्यांनी बांधायला सुरुवात केली. पुढे १ जुलै २०२४ रोजी 'बेरिल' ग्रेनाडाच्याच कारियाकू बेटावर चौथ्या श्रेणीचे वादळ म्हणून आदळले आणि आसऱ्याला गेलेल्या अनेक नौका नष्ट झाल्या. ज्यांच्या नौका त्या दिवशी त्रिनिदादमध्ये होत्या त्यांनी यार्डाचे भाडे कधी महाग म्हटले असेल असे वाटत नाही.

शाग्वारामसला जागा व मोठे धक्के आयते मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अमेरिकेला लढाऊ जहाजांच्या बदल्यात आपल्या वसाहतींत नौदल तळांसाठी जमिनी नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. त्यांपैकी ही एक. त्रिनिदादच्या नेत्यांनी ही जमीन परत मागण्यासाठी १९६० मध्ये भर पावसात मोर्चा काढला होता. कालांतराने ती परत मिळाली, आणि १९९० च्या दशकात तेथे यॉटचा धंदा भरभराटीला आला.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शाग्वारामसच्या समोरचे पाणी म्हणजे पारियाचे आखात. याच आखातात ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून हिंदी मजुरांची पहिली तुकडी घेऊन आले. हे सागवानी जहाज मुंबईच्या एका मुसलमान व्यापाऱ्यासाठी बांधले गेले होते. मजूर बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडील, त्यामुळे मराठी माणसाचा संबंध तेवढ्यापुरताच. परंतु २०११ च्या जनगणनेत या देशातील सुमारे ३५ टक्के लोक हिंदी वंशाचे आढळले. शाग्वारामसच्या यार्डात आपल्याकडची आडनावे ऐकू आली तर नवल वाटायला नको.

उचलण्यापासूनच जबाबदारी सुरू

नौका पाण्याबाहेर काढण्यासाठी चाकांवर चालणारी मोठी चौकट वापरतात. तिला ट्रॅव्हल लिफ्ट म्हणतात. चौकटीतून दोन रुंद पट्टे पाण्यात सोडतात, नौका त्यांवर येते आणि पट्टे वर ओढले जातात. पट्टा कोठे बसावा हे महत्त्वाचे. तो पंख्याच्या दांड्यावर किंवा वेग मोजणाऱ्या यंत्रावर बसला तर पहिल्याच दिवशी नवे काम निर्माण होते. शहाणा मालक पट्ट्यांच्या जागा नौकेच्या कडेवर आधीच रंगवून ठेवतो आणि पाण्याखालचा आकार दाखवणारा नकाशा लिफ्ट चालवणाऱ्याच्या हाती देतो.

जमिनीवर नौकेचा भार तळाच्या कण्यावर, म्हणजे कीलवर टाकला जातो. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळतात. समोरासमोरच्या टेकूंना साखळीने जखडावे लागते, नाहीतर ते हळूहळू बाहेर सरकतात. शिडे उतरवून ठेवावी लागतात, कारण गुंडाळलेल्या शिडात वारा शिरला तर तेही नौका पाडायला पुरेसे असते. रंगकाम करणाऱ्याने टेकूखालची जागा रंगवण्यासाठी स्वतःच टेकू हलवू नये, असा प्रत्येक यार्डाचा नियम आहे. तो मोडला जातो तेव्हा काय होते ते पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

यार्डाचे भाडे नौकेच्या लांबीवर, प्रत्येक फुटाला दिवसाला किंवा महिन्याला इतके, असे आकारले जाते. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या हिशेबात हे घड्याळ पाठीमागे टिकटिकत असते. कारागीर काम करो वा न करो, पाऊस पडो वा न पडो, भाडे चालूच.

वरून दिसते ते आणि आत असते ते

पाण्याबाहेर आल्यावर पहिले काम जोराच्या फवाऱ्याने तळ धुण्याचे. शेवाळ व शिंपले निघतात आणि खरा तळ दिसतो. त्याला नवा रंग देणे हे सर्वांत सोपे काम. त्याचा अंदाज घरबसल्याही काढता येतो. बारा मीटर लांबीच्या नौकेचा पाण्याखालचा भाग साधारण ३५ ते ४० चौरस मीटर भरतो. एक लिटर रंगात सुमारे दहा चौरस मीटर होतात. दोन हातांना सात-आठ लिटर, आणि सुकाणू व पुढच्या धारेला, जेथे रंग लवकर झिजतो, तेथे तिसरा हात धरून नऊ-दहा लिटर. या कामाचे ठोक दर मागावेत आणि ते मिळतातही. असल्या रंगात हल्ली मुख्यतः तांबे असते. पूर्वी कथिलाचे एक संयुग वापरत. ते समुद्रातील जीवांना फार घातक ठरल्यामुळे २००८ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला मनाई झाली.

खरी अडचण यापुढे सुरू होते. नौकेच्या तळाला नळ जोडण्यासाठी भोके असतात. इंजिन थंड करण्याचे पाणी, मोरी, संडास अशा सगळ्यांसाठी ती लागतात आणि प्रत्येक भोकावर वॉल्व असतो. हा वॉल्व चांगल्या काशाचा असला तर वर्षानुवर्षे टिकतो. साधा पितळी असला तर खारे पाणी त्यातील जस्त खाऊन टाकते. बाहेरून तो शाबूत दिसतो, फक्त खरवडल्यावर रंग गुलाबीसर निघतो, आणि एक दिवस हातात मोडून येतो. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर असले तर त्यातून मिनिटाला सुमारे दीडशे लिटर पाणी आत येते. माणूस हातपंपाने एवढे पाणी फार वेळ उपसू शकत नाही. या वॉल्वची किंमत नौकेच्या मानाने किरकोळ असते. परंतु तो बदलण्याची संधी नौका जमिनीवर असतानाच मिळते.

डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांचेही तसेच. त्या स्टेनलेस पोलादाच्या असतात आणि स्टेनलेस गंजत नाही असा आपला समज असतो. प्रत्यक्षात या पोलादाला चमक राखण्यासाठी हवा लागते. तारेचे टोक जेथे धातूच्या टोपीत घट्ट दाबलेले असते किंवा तार ज्या पट्टीला जोडली आहे ती पट्टी जेथे डेकमधून आत शिरते, तेथे ओल राहते आणि हवा पोहोचत नाही. गंज नेमका तेथे बसतो. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी तारा न तुटताही बदलाव्यात अशी विमा कंपन्यांची अपेक्षा असते. मालकाला हे पटत नाही. "तार तर अजून नवी दिसते," हे वाक्य प्रत्येक यार्डात रोज ऐकू येत असणार.

सर्वांत गंभीर बाब कीलची. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' नावाची बारा मीटरची नौका कॅरिबियनमधील अँटिग्वा बेटावरून इंग्लंडला परत निघाली होती. अटलांटिकच्या मध्यावर तिचा कील निखळला आणि ती उलटली. चौघेही खलाशी दगावले. उलटलेला सांगाडा सापडला तेव्हा जीवरक्षक तराफा आपल्या जागीच होता, म्हणजे तो बाहेर काढण्याइतका वेळही त्यांना मिळाला नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. नौका पूर्वी तळाला घासली गेली होती आणि त्यानंतर दुरुस्त्या झाल्या होत्या. या सगळ्यांच्या एकत्रित परिणामाने तिची बांधणी कमकुवत झाली असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. तळाच्या आतील आधाराची चौकट कवचाला चिकटवलेली असते. ती सुटली तर वरून काहीच कळत नाही. म्हणून नौका कधी खडकाला किंवा वाळूला लागली असेल तर मालकाने ते सर्व्हेअरला आपण होऊन सांगितले पाहिजे. विकताना किंमत कमी होईल या भीतीने लपवणारे आहेत, आणि ज्याच्या हाती ती नौका पुढे जाते त्याला याचा पत्ताही नसतो.

डेकची गोष्ट जरा वेगळी. जुन्या फायबरग्लासच्या नौकांवर शोभेसाठी सागाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्या बसवायला शेकडो स्क्रू मारलेले असतात. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड भरलेले असते. वीस वर्षांत पाणी झिरपून ते कुजते आणि डेकवर पाय दबू लागतो. काम काढले असते "चार पट्ट्या बदला" म्हणून. पट्ट्या उचलल्यावर दिसते की अर्धा डेक पोकळ आहे. त्रिनिदादला एक फायदा असा की तेथे सागाची जंगलेच आहेत. १९१३ मध्ये ब्रह्मदेशातून बी आणून ती लावली गेली. त्यामुळे साग आणि सागावर हात बसलेले सुतार दोन्ही तेथे मिळतात. तरीही शहाणे मालक आता सागाऐवजी साधा, न घसरणारा रंगच डेकवर मारून घेतात. दिसायला साधा, पण गळत नाही.

पाऊस आणि वेळापत्रक

या धंद्यातील सर्वांत मोठी विसंगती आता सांगतो. नौका वादळापासून वाचण्यासाठी जूनमध्ये येतात. आणि त्रिनिदादचा पावसाळा जून ते डिसेंबर! म्हणजे ज्या सहा महिन्यांत नौका जमिनीवर उभी आहे, नेमक्या त्याच सहा महिन्यांत हवा दमट आणि दुपारी पाऊस.

फायबरग्लासच्या तळात पाणी मुरले की आत फोड येतात. फोड फोडला तर आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचे पाणी निघते. याचा उपाय म्हणजे वरचा थर सोलून काढणे, गोड्या पाण्याने वारंवार धुणे, काही आठवडे ते काही महिने वाळवणे आणि मग इपॉक्सीचे हात देणे. आता दमट हवेत वाळवणार कसे? तंबू ठोकावा लागतो, आत हवा कोरडी करणारे यंत्र लावावे लागते, विजेचे बिल वेगळे. शिवाय इपॉक्सी ओलसर हवेत वाळताना वर मेणचट थर धरतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात दिला तर सगळा रंग सालीसारखा निघतो. रंगाऱ्यांचा साधा नियम आहे. पृष्ठभागाचे तापमान दव पडण्याच्या तापमानापेक्षा किमान तीन अंश वर असेल तरच हात लावावा. घाईच्या मालकाला हा नियम ऐकवणारा कारागीर आळशी वाटतो. आमच्या मते तोच कारागीर ठेवण्यालायक आहे.

म्हणून पावसात होणारी कामे आधी काढावीत. इंजिन, विजेच्या तारा, वॉल्व, आतील सुतारकाम ही त्यांत येतात. तळाचे मोठे काम असेल तर जानेवारी ते मे या कोरड्या हंगामासाठी राखावे. पण मग फिरण्याचा हंगाम जातो. मालक नेमका हाच सौदा टाळू पाहतो आणि दोन्हीकडून अडकतो.

ठेका कसा द्यावा

अनेकांचा समज असा की परदेशी मालक या यार्डांत स्वस्त मजुरीसाठी येतात. तो अर्धाच खरा आहे. युरोप-अमेरिकेच्या मानाने येथील मजुरी कमी पडते हे ठीक. परंतु शिडे, तारा, इलेक्ट्रॉनिक वस्तू, इंजिनाचे सुटे भाग हे सगळे बाहेरूनच येते, आणि त्याची किंमत अमेरिकन डॉलरमध्ये द्यावी लागते. स्वस्त मजुरीतून वाचलेले पैसे लांबलेल्या मुदतीत निघून जातात. तीन आठवड्यांचे काम दहा आठवड्यांवर गेले की यार्डाचे भाडे, राहण्याचा खर्च, बदललेले विमानाचे तिकीट आणि मुदतवाढीसाठी इमिग्रेशनच्या खेपा असा सगळा भार वाढतो.

पैशाचा वाद बहुतेक वेळा फसवणुकीतून नव्हे, तर अंदाजातून उभा राहतो. मालक म्हणतो, "एकच आकडा सांगा." कारागीर न उघडलेल्या डेकचा एकच आकडा सांगतो. तो दोनच प्रकारे सांगू शकतो. वाईटात वाईट धरून फुगवलेला, किंवा काम मिळवण्यासाठी कमी केलेला. पहिल्यात मालक बुडतो आणि दुसऱ्यात काम बुडते, कारण कमी पैशांत अडकलेला कारागीर कुजलेले लाकूड आत तसेच ठेवून वर थर मारून मोकळा होतो. उलट ताशी मजुरीवर सगळे सोडले तर काम संपण्याची कोणालाच घाई राहत नाही.

आम्हाला योग्य वाटणारा मार्ग असा. ठेक्याचे दोन तुकडे करावेत. पहिला तुकडा फक्त उघडून पाहण्याचा, त्याचे पैसे वेगळे आणि ठरलेले. उघडल्यावर दोघांनी मिळून पाहावे, फोटो काढावेत, काय आढळले ते लिहावे आणि मगच दुसऱ्या तुकड्याचा आकडा ठरवावा. यात कोणता रंग, कोणत्या जाडीची तार, कोणत्या धातूचा वॉल्व हे नावानिशी लिहावे. नंतर काही जादा निघाले तर लेखी होकाराशिवाय हात लावू नये. आगाऊ रक्कम साहित्यापुरती द्यावी आणि साहित्याची पावती मागावी. मजुरी टप्प्याटप्प्याने, म्हणजे डेक सोलला इतके, नवा गाभा बसला इतके, अशी द्यावी. शेवटचा हिस्सा नौका पाण्यात उतरून चालवून पाहिल्यावर द्यावा. पहिला तुकडा करून कारागिराचे काम पाहता येते हाही एक लाभ. पटले नाही तर दुसऱ्याला देता येते.

आणखी एक खाच लक्षात घ्यावी. कित्येक यार्डांत यार्ड म्हणजे फक्त जागा, लिफ्ट आणि पाणी-वीज. वेल्डर, रंगारी, शिडवाला हे आवारात गाळे घेतलेले स्वतंत्र ठेकेदार असतात. रंग सोलला तर यार्ड म्हणते ठेकेदाराकडे जा, ठेकेदार म्हणतो तळ आधीच्या माणसाने नीट वाळवला नव्हता. एकाच्या कामावर दुसऱ्याचे काम चढणार असेल तर दुसऱ्याने हात लावण्यापूर्वी "पहिले काम ठीक आहे" असे लिहून घ्यावे. एका चिठ्ठीचा प्रश्न आहे, परंतु पुढचे सगळे भांडण त्या चिठ्ठीवर अडते.

मागवलेल्या सुट्या भागांना जकातीची सवलत मिळते, कारण नौका देशात राहायला आलेली नाही, पुढे जाणार आहे. मात्र त्यासाठी पार्सलवर नौकेचे नाव आणि ती प्रवासात असल्याचा उल्लेख हवा, नौकेची प्रवेशाची कागदपत्रे जवळ हवीत आणि माल कस्टममार्फत नौकेवरच पोहोचायला हवा. हे कागद यार्डाच्या फायलीत ठेवून मालक मायदेशी गेला आणि मागे पार्सल आले, तर ते गोदामात पडून राहते.

त्रिनिदादचे चलन त्यांचा स्वतःचा डॉलर. एका अमेरिकन डॉलरला तो गेली काही वर्षे पावणेसातच्या आसपास राहिला आहे. परंतु या देशात बँकांकडून परकीय चलन मिळायला स्थानिक धंदेवाल्यांना फार वाट पाहावी लागते. म्हणून ठेकेदार अमेरिकन डॉलर मागतो तेव्हा तो लबाडी करतो असे समजू नये. त्याला तुमच्याच नौकेचा पंप मायामीहून आणायचा असतो.

कारागिराची बाजू

आतापर्यंत मालकाच्या सोयीचे बोललो. आता दुसरी बाजू. जुना तांब्याचा रंग कोरडा घासला की त्याची विषारी धूळ उडते. दोन डब्यांचा चकाकणारा पॉलियुरेथेन रंग फवारला की त्यातील आयसोसायनेट छातीत जातो. एकदा त्याची दम्यासारखी ॲलर्जी जडली की त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. कापडाचा रुमाल बांधून हे थांबत नाही. धूळ ओली करून घासणे, धुळीसाठी चांगला मास्क आणि फवारणीसाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हे सारे ठेक्याच्या किमतीत धरलेले असले पाहिजे. घासाघीस करताना पहिल्यांदा कापले जाते ते हेच. समुद्रसफरीला निघालेल्या माणसाने दुसऱ्याच्या फुप्फुसावर बचत करू नये.

मालक पैसे न देता निघून जाईल ही भीतीही कारागिराला असते, आणि ती निराधार नाही. नौका एकदा सुटली की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशात. म्हणूनच यार्डाला थकबाकी फिटेपर्यंत नौका अडवून ठेवण्याचा हक्क असतो. स्वतंत्र ठेकेदाराला मात्र यार्डाने साथ दिली नाही तर हात चोळत बसावे लागते. टप्प्याने पैसे देण्याची पद्धत त्याच्याही फायद्याची आहे ती अशी.

मालकाने स्वतःलाही एक हिशेब विचारावा. समजा, नौकेची बाजारातील किंमत साठ हजार डॉलर आहे आणि दुरुस्तीला चाळीस हजार लागले. ती काही एक लाखाला विकली जाणार नाही. फार तर पाऊणशे हजार. दुरुस्तीचा पैसा बहुतांशी विक्रीत परत येत नाही, तो पुढच्या प्रवासात वापरला जातो. जो पाच-सात वर्षे फिरणार आहे त्याने कील, वॉल्व, तारा, सुकाणू यांवर खर्च करावा. जो विकणार आहे त्याने चकाकीवर खर्च करून घेणाऱ्याला भुलवण्यापेक्षा आहे तशी, आहे त्या किमतीला विकावी.

धंद्यावरील संकटे

शाग्वारामसचे दिवस सदा सुखाचे राहिलेले नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये ग्रेनाडा व त्रिनिदाद यांच्या दरम्यान व्हेनेझुएलाकडून आलेल्या सशस्त्र टोळ्यांनी दोन नौकांवर दरोडे घातले. त्यानंतर अनेक मालक एकट्याने हा दीडशे किलोमीटरचा टप्पा ओलांडायला कचरू लागले, आणि ग्रेनाडाच्या यार्डांनी ती संधी साधली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे त्रिनिदादने सीमा बंद केल्या आणि त्या जुलै २०२१ मध्येच उघडल्या. मालक परदेशात, नौका बंद, आत दमट हवा. सव्वा वर्षाने दार उघडले तेव्हा गाद्यांवर बुरशी, बॅटऱ्या मेलेल्या, इंजिने जाम. कारागिरांना त्यानंतर काम भरपूर मिळाले, पण मधला काळ त्यांनी कसा काढला असेल हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

हे कौशल्य आपल्याकडे नाही असे मात्र नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावरील यार्डात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता २०१३ च्या वसंतात मुंबईलाच परतले. फायबरग्लासच्या कामातील हात गोव्यात व कोकणात आहेत. नाही ती परदेशी नौकांची वर्दळ, आणि ती केवळ सुतार-रंगाऱ्यांच्या बळावर येत नाही. सुटसुटीत कस्टम, नौका ठेवायला जागा आणि लिफ्ट या तीन गोष्टी आधी लागतात.

पाण्यात सोडताना

शेवटच्या दिवशी बहुतेक मालक घाईत असतात. लिफ्टवाल्याला पुढची नौका उचलायची असते. येथे मात्र घाई चालत नाही. नौका पाण्यात उतरली तरी पट्टे लगेच सैल करू देऊ नयेत. फळ्या उचलून आत जावे, प्रत्येक वॉल्व एकदा उघडून, एकदा बंद करून हाताने चाचपावा, पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तेथे थेंब किती पडतात ते पाहावे, इंजिन चालू करून मागून पाणी फेकले जाते की नाही ते पाहावे. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. काही गळाले तर नौका अजून पट्ट्यांवर आहे, पुन्हा उचलता येते. लिफ्टच्या उतरवणीच्या दरात एवढा वेळ धरलेला आहे की नाही, हे नौका उचलण्याच्या दिवशीच यार्डाच्या कचेरीत विचारून पावतीवर लिहून घ्यावे.